जवळपास बसणारी चावी : गोल झालेल्या स्क्रूचा इतिहास

१/ मुळशी खोऱ्यातील तांबड्या चिखलातून रिमोटवर चालणारी छोटी मोटार फिरवून आणली, की ती धुवावी लागते आणि मागोमाग खोलावी लागते. अशा वेळी एखादा स्क्रू हटून बसतो. एलन की खाचेत बसते, थोडी फिरते, ‘कट्’ असा बारीक आवाज होतो आणि षट्कोनी खाच गोल होऊन जाते. ‘जोर जास्त लागला’ असा निवाडा तत्काळ दिला जातो. हा निवाडा बहुतेक वेळा चुकीचा असतो. त्या खाचेत एका देशाचे माप असते, हातातल्या चावीत दुसऱ्या देशाचे. ही दोन मापे इतकी जवळची कशी झाली आणि तरीही वेगळी कशी राहिली, याला सुमारे दोनशे वर्षांचा इतिहास आहे. हा थ्रेड त्या इतिहासाविषयी आहे.

२/ आरंभी एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. ‘स्क्रू खराब झाला’ या एका वाक्यात दोन वेगळे अपघात दडलेले असतात. पहिल्यात स्क्रूच्या डोक्यावरील खाच झिजते आणि हत्यार नुसते फिरत राहते. दुसऱ्यात आटे जातात, म्हणजे स्क्रू फिरतो पण आवळत नाही. गॅरेजमधला कारागीर दोन्हींची कारणे वेगळी सांगेल. इतिहासाच्या दृष्टीने मात्र दोन्हींचे मूळ एकच आहे : एकमेकांसाठी न घडवलेल्या दोन वस्तू ‘जवळपास बसतात’ म्हणून जुळवल्या गेल्या. मुळीच न बसणारी चावी निरुपद्रवी असते, कारण ती बाजूला ठेवली जाते. घात करते ती जवळपास बसणारी.

३/ अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हा प्रश्न वेगळ्या रूपात होता. प्रत्येक कारखाना आपले आटे आपल्या पद्धतीने पाडत असे. एका बोल्टची चाकी दुसऱ्या बोल्टला लागेलच अशी खात्री नसे, म्हणून यंत्र खोलताना कोणती चाकी कोणत्या बोल्टची याच्या खुणा करून ठेवाव्या लागत. लंडनच्या हेन्री मॉड्सले याने १८०० च्या सुमारास अचूक आटे पाडणारा लेथ तयार केला आणि एकसारखे स्क्रू पुनःपुन्हा काढणे शक्य झाले. त्यामुळे एका कारखान्याच्या भिंतींच्या आत तरी शिस्त आली. कारखान्याबाहेर मात्र ‘ज्याचे त्याचे आटे’ हाच कायदा चालू राहिला.

४/ मॉड्सलेच्याच हाताखाली काम केलेला जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ मध्ये लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे एकसमान आट्यांची योजना मांडली. त्याची पद्धत लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्याने मनाने आदर्श आटा रचला नाही. निरनिराळ्या कारखान्यांतील बोल्ट गोळा केले, मोजले आणि त्यांची सरासरी काढली. ५५ अंशांचा कोन आणि प्रत्येक व्यासाला ठरावीक आटे, हे त्यातून निघाले. चालू व्यवहाराची सरासरी हेच प्रमाण ठरल्यामुळे कोणाही कारखानदाराला ते फार परके वाटले नाही. रेल्वे कंपन्यांनी ते उचलले आणि ब्रिटिश साम्राज्यात जिथे रूळ गेले तिथे व्हिटवर्थचे आटेही गेले.

५/ अमेरिकेने ही व्यवस्था स्वीकारली नाही. फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्स याने १८६४ मध्ये ६० अंशांचा आटा सुचवला. कारण व्यावहारिक होते : व्हिटवर्थचे गोलसर माथे आणि ५५ अंशांचा कोन साधायला कुशल कारागीर व महागडी हत्यारे लागत, ६० अंशांचा, सपाट माथ्याचा आटा साध्या कारखान्यातही पाडता येई. पाव इंच व्यासाच्या बोल्टला दोन्ही पद्धतींत इंचामागे २० आटेच राहिले. अर्ध्या इंचाला मात्र ब्रिटिशांचे १२ आणि अमेरिकेचे १३. म्हणजे पाव इंचाची ब्रिटिश चाकी अमेरिकी बोल्टवर चढते आणि बसल्यासारखी वाटते, पण आट्यांच्या भिंती एकमेकींना नीट टेकत नाहीत. ‘जवळपास’ या संकटाचे हे पहिले मोठे उदाहरण.

६/ त्याची किंमत दुसऱ्या महायुद्धात मोजावी लागली. ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा एकाच बाजूने लढत होते, पण त्यांच्या यंत्रांचे बोल्ट एकमेकांना चालत नव्हते. सुटे भाग दुहेरी बनवावे लागत आणि दुरुस्ती रखडे. अखेर नोव्हेंबर १९४८ मध्ये या तिन्ही देशांनी एकत्रित आट्यांच्या करारावर सह्या केल्या आणि ६० अंशांचा कोन मान्य झाला. पुढे आंतरराष्ट्रीय मेट्रिक आट्यांनीही हाच कोन घेतला. तंटा मिटल्यासारखा दिसला. प्रत्यक्षात कोन एक झाला, व्यास मात्र इंच आणि मिलिमीटर अशा दोन घरांत राहिले. आजच्या छोट्या मोटारीतला गोल झालेला स्क्रू त्या उरलेल्या तंट्याचा वारस आहे.

७/ भारताने हे दोन्ही संसार केले. रेल्वे, गिरण्या, धरणे आणि कारखाने इंचांत उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या वजन-माप कायद्याने दशमान पद्धत स्वीकारली गेली आणि १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने अमलात आली. कायद्याने माप बदलते, यंत्रशाळेतली हत्यारे एका रात्रीत बदलत नाहीत. म्हणून पुण्याच्या जुन्या कारखान्यांतील कारागिरांच्या एका खणात इंची पान्हे आणि दुसऱ्या खणात मिलिमीटरचे पान्हे, अशी व्यवस्था दीर्घकाळ राहिली. त्या दोन खणांना वेगळे ठेवणे हीच कारागिरी होती. आज ऑनलाइन मागवलेल्या स्वस्त संचात तेच दोन खण एका पिशवीत मिसळून येतात.

८/ मुळशीकरांना हे संकट समजावून सांगण्याची खरे तर गरज नाही, कारण ते गुंठ्यात बोलतात. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जमीन. मुंबई इलाख्याच्या मोजणीत वापरली जाणारी साखळी ३३ फुटांची होती आणि तिचे सोळा आणे पाडलेले होते. आज सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर मध्ये लिहिले जाते. आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. दोन्ही इतके जवळ आहेत की बोलताना ‘एक आर म्हणजे एक गुंठा’ असे सर्रास म्हटले जाते. एका गुंठ्याला फरक सव्वा चौरस मीटरही नाही. ४० गुंठ्यांचा एकर झाला की तो सुमारे ५०० चौरस फुटांचा होतो, म्हणजे एका छोट्या सदनिकेएवढा.

९/ आता तोच हिशेब स्क्रूच्या खाचेत करावा. ५/६४ इंचाची एलन की म्हणजे १.९८ मिलिमीटर. ती २ मिलिमीटरच्या खाचेत सहज जाते. फरक साध्या कागदाच्या जाडीच्या सुमारे सहाव्या भागाइतका, म्हणून सैलपणा बोटांना कळत नाही. ३/३२ इंच म्हणजे २.३८ मिलिमीटर, ती अडीच मिलिमीटरच्या खाचेत जाते, पण इथे मोकळीक कागदाच्या जाडीहून अधिक. उलट बाजूने, दीड मिलिमीटरची चावी १/१६ इंचाच्या, म्हणजे १.५९ मिलिमीटरच्या खाचेत जाते. प्रत्येक वेळी चावी खाचेच्या सपाट भिंतींना टेकण्याऐवजी सहा कोपऱ्यांजवळच्या बारीक रेषांवर जोर टाकते. धातू तिथे दबतो, मोकळीक वाढते, पुढच्या खेपेला आणखी दबतो. खाच गोल होण्याची हीच प्रक्रिया.

१०/ ही दोन्ही मापे एकाच छंदात आली कशी? या खेळाची दोन माहेरे आहेत. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ मध्ये पोर्श ९३४ ची रिमोटवरील प्रतिकृती काढली. तिचे स्क्रू मिलिमीटरचे. कॅलिफोर्नियाच्या असोसिएटेड कंपनीची आरसी-१० ही मोटार १९८४ मध्ये आली. तिचे स्क्रू इंची. दोन्ही गाड्या जगभर गाजल्या आणि दोन्हींची अवजारे छंदवाल्यांच्या पेट्यांत शिरली. पुढे बहुतेक कंपन्या मिलिमीटरकडे वळल्या, जुन्या गाड्या आणि जुन्या चाव्या मात्र हातोहात फिरत राहिल्या. म्हणून जुनी गाडी विकत घेणाऱ्याने रंग आणि मोटर पाहण्याआधी तिचे स्क्रू कोणत्या घराण्याचे आहेत ते विचारावे.

११/ फुलीच्या खाचेची कथा याहून रंजक आहे. तिच्या आधी सपाट चीर असलेला स्क्रू होता, आणि त्यावरून हत्यार घसरणे ही नित्याची गोष्ट होती. कॅनडाच्या पीटर रॉबर्टसन याने १९०८ च्या सुमारास चौकोनी खाचेचा स्क्रू बनवायला सुरुवात केली. प्रात्यक्षिक दाखवताना सपाट हत्यार घसरून हात कापल्यामुळे त्याला ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. चौकोनी खाच हत्याराला घट्ट धरते आणि सहसा घसरू देत नाही. कॅनडातील फोर्डच्या कारखान्याने ती वापरली. परंतु आपल्या शोधावरचा ताबा सोडण्यास रॉबर्टसन तयार नव्हता, आणि त्यामुळे त्याचा स्क्रू मुख्यतः कॅनडातच राहिला.

१२/ ती जागा हेन्री फिलिप्स याने भरली. अमेरिकेतील पोर्टलंड शहराच्या या व्यावसायिकाने जॉन थॉम्प्सन या संशोधकाकडून फुलीच्या खाचेची कल्पना विकत घेतली, तिच्यात सुधारणा केली आणि १९३६ मध्ये पेटंटे मिळवली. रॉबर्टसनने जे टाळले तेच फिलिप्सने केले : स्क्रू बनवणाऱ्यांना मुक्तपणे परवाने दिले. जनरल मोटर्सने कॅडिलॅक गाडीसाठी हा स्क्रू वापरला आणि काही वर्षांतच अमेरिकेतील बहुतेक स्क्रू-उत्पादक परवानाधारक झाले. जोडणीच्या धावत्या रांगेवर फुलीचे टोक आपोआप मध्यभागी येते, हा त्याचा मोठा गुण. अधिक चांगला धरणारा स्क्रू मागे पडला आणि अधिक सहज पसरणारा पुढे गेला. तंत्रज्ञानाच्या इतिहासात असे वारंवार घडते.

१३/ इथे एका लोकप्रिय दंतकथेची दखल घेणे भाग आहे. ‘फिलिप्सचा स्क्रू जास्त आवळला जाऊ नये म्हणून मुद्दामच घसरण्यासाठी बनवला गेला’, हे वाक्य सर्वत्र आढळते. फिलिप्सच्या मूळ पेटंटांत असा हेतू कुठेही नमूद नाही. ठरावीक जोरानंतर हत्यार बाहेर येण्याचा गुण पुढे १९४९ मध्ये मंजूर झालेल्या एका सुधारित पेटंटात वर्णिलेला आहे. आधी घसरण आली, मग तिला गुण म्हणून मांडले गेले. घडून गेलेल्या गोष्टीला मागाहून हेतू चिकटवणे हा मोह किल्ल्यांच्या आणि लढायांच्या कथांतही दिसतो. स्क्रूच्या बाबतीत निदान पेटंटाची तारीख तपासता येते.

१४/ फुलीचा स्क्रू जपानला पोहोचला तेव्हा त्याची नवी पाती निर्माण झाली. सोइचिरो होंडा यांनी १९५४ च्या युरोप दौऱ्यात एका कारखान्यात पडलेला फुलीचा स्क्रू खिशात घालून मायदेशी नेला, अशी गोष्ट होंडा कंपनीच्या इतिहासात सांगितली जाते. जपानी औद्योगिक प्रमाणाने पुढे आपली फुली ठरवली. ती फिलिप्ससारखीच दिसते. कोपऱ्यांची गोलाई आणि टोकाची घडण मात्र वेगळी आहे. जपानी हत्यार फिलिप्सच्या खाचेत बऱ्यापैकी चालते. फिलिप्सचे हत्यार जपानी खाचेत तळापर्यंत पोहोचत नाही, जोर लागताच वर सरकते आणि फुलीच्या कडा सोलून काढते.

१५/ म्हणूनच तामियाच्या गाडीवर किंवा जुन्या जपानी मोटारसायकलवर साधा ‘प्लस’चा स्क्रू-ड्रायव्हर लावला की स्क्रूचे डोके विद्रूप होते आणि ‘जपानी स्क्रू मऊ असतात’ असा बोभाटा होतो. स्क्रू बिचारा ठीक असतो. अनेक जपानी स्क्रूंच्या डोक्यावर फुलीच्या बाजूला एक छोटा ठिपका असतो. ती त्या प्रमाणाची खूण. ज्याला ठिपका वाचता येतो तो जपानी मापाचे हत्यार उचलतो. ज्याला येत नाही तो आणखी जोर लावतो. नाण्यावरची अक्षरे किंवा शिलालेखातली तिथी वाचायला शिकणाऱ्यांनी या ठिपक्यालाही तितक्याच गांभीर्याने घ्यावे, कारण दोन्हीकडे न वाचण्याची शिक्षा सारखीच : वस्तूचे नुकसान.

१६/ आता षट्कोनी खाचेकडे वळावे, कारण मुळशीचा धागा तिच्यात गुंतलेला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी कारखान्यांत छताखालून एक लांब फिरता दांडा जाई आणि त्यावरील चाकांवरून पट्टे यंत्रांना गती देत. ही चाके दांड्यावर पक्की करणाऱ्या स्क्रूंची डोकी बाहेर डोकावत. फिरत्या डोक्यात कामगाराची बाही अडकली की माणूस ओढला जाई. अमेरिकेतील हार्टफर्डच्या विल्यम ॲलन याने १९१० मध्ये ‘सुरक्षित स्क्रू’चे पेटंट घेतले : डोके नाही, सगळा स्क्रू आत बुडालेला आणि फिरवण्यासाठी आतच षट्कोनी खाच. आज ज्याला ‘एलन की’ म्हणतात तिचा पहिला मोठा उपयोग माणसांचे हात वाचवण्याचा होता.

१७/ मुंबईच्या कापडगिरण्याही अशाच पट्ट्यांवर चालत. त्यांना वाफेऐवजी वीज मिळावी म्हणून टाटांनी सह्याद्रीत जलविद्युत प्रकल्प उभारले. खोपोलीची वीज १९१५ मध्ये आली. मुळशीला मुळा-निळा नद्यांचे पाणी अडवून ते घाटाखाली भिऱ्याच्या वीजगृहात सोडले गेले. ते १९२७ मध्ये सुरू झाले. विजेमुळे यंत्रायंत्राला स्वतंत्र मोटर लावणे शक्य झाले आणि छताखालचे धोकादायक दांडे हळूहळू ओसरत गेले. गिरणीतला हात जपणाऱ्या या बदलामागे मुळशीची बुडालेली गावे आहेत, हे विसरले जाऊ नये. सुधारणेचा लाभ एकीकडे आणि मोल दुसरीकडे, असा तो हिशेब होता.

१८/ ॲलनचा तो बिनडोक्याचा स्क्रू आज छोट्या मोटारीत जसाच्या तसा आहे. मोटरच्या दांड्यावर पिनियन हे दातेरी चक्र पक्के करणारा ग्रब स्क्रू म्हणजे गिरणीतल्या त्या स्क्रूचा नातू. संपूर्ण गाडीत सर्वाधिक गोल होणारी खाचही बहुधा त्याचीच, कारण ती सर्वांत लहान आणि तिच्यावरचा ताण सर्वांत मोठा. त्याची निगा सोपी आहे. दांड्याच्या सपाट केलेल्या भागासमोरच तो यावा, गोलाईवर नाही. चावी अचूक मापाची आणि टोकाला धारदार कडांची असावी. टोक झिजले असेल तर तेवढा भाग सहाणेवर घासून काढावा. खालचा षट्कोन नवा मिळतो.

१९/ यावर एक रास्त आक्षेप येतो : ‘चांगली महागडी हत्यारे घ्या, प्रश्न संपला, इतिहासाची काय गरज?’ हत्यारे चांगली असावीत यात वाद नाही. परंतु उत्तमातली उत्तम ५/६४ इंची चावीसुद्धा २ मिलिमीटरच्या खाचेची शत्रूच असते, आणि सर्वोत्कृष्ट फिलिप्स जपानी फुलीला तितकीच परकी. पैशाने पोलाद विकत मिळते, ओळख मिळत नाही. कोणती वस्तू कोणत्या परंपरेतून आली हे विचारण्याची सवय हा इतिहासाच्या अभ्यासाचा गाभा आहे. ही सवय यंत्राच्या पेटीजवळ निरुपयोगी ठरत असेल, तर ती ग्रंथालयातही फारशी कामाची ठरणार नाही.

२०/ ओळख पटल्यानंतरची शिस्त थोडक्यात अशी. मुळशीच्या पावसाळी चिखलाने खाच भरलेली असते. टाचणीने आणि जुन्या दात घासण्याच्या ब्रशने ती आधी पूर्ण मोकळी करावी, नाहीतर चावी अर्धीच आत जाते. चावी तळाशी टेकल्याशिवाय फिरवू नये. फुलीच्या स्क्रूला फिरवण्याआधी सरळ रेषेत दाबावे आणि दाब सोडू नये. गोल टोकाची चावी तिरक्या जागी पोहोचण्यासाठी असते. अखेरचा ताण तिच्याने देऊ नये. विजेवरचा स्क्रू-ड्रायव्हर लांब स्क्रू भराभर बाहेर काढायला ठीक, आवळण्याचा शेवट मात्र हातानेच करावा.

२१/ आटे वाचवण्यासाठी आणखी दोन नियम. प्लॅस्टिकमध्ये जाणारा स्क्रू स्वतःचे आटे स्वतः पाडतो. तो पुन्हा बसवताना आधी उलटा फिरवावा. ‘टक्’ असा हलका आवाज झाला की तो जुन्या वाटेवर आला असे समजावे आणि मग आवळावा. थेट आवळल्यास तो दुसरी वाट खोदतो आणि दोन वाटांमधली भिंत कोसळते. दुसरा नियम थ्रेडलॉकचा. हार्टफर्डच्याच ट्रिनिटी महाविद्यालयातील प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ मध्ये हवेविना घट्ट होणारे हे द्रव्य विकसित केले. ते धातूत जाणाऱ्या धातूसाठीच, आणि तेही निळे व थेंबभर. प्लॅस्टिकला लागल्यास अनेक प्रकारचे प्लॅस्टिक तडकते.

२२/ ताम्हिणी-मुळशीचा पाऊस हा महाराष्ट्रातील सर्वाधिक पावसांपैकी एक. ॲल्युमिनियमच्या भागात बसलेला पोलादी स्क्रू ओला राहिला की दोन धातूंमध्ये गंज धरतो आणि स्क्रू जणू डाखलेला असल्यासारखा बसतो. म्हणून गाडी धुतल्यावर ती वाळवावी आणि हे स्क्रू पावसाळ्यात अधूनमधून सैल करून पुन्हा आवळावेत. हटून बसलेल्या स्क्रूच्या डोक्यावर सोल्डरिंगचे तापलेले टोक थोडा वेळ धरले तर थ्रेडलॉक मऊ होते. ही उष्णता प्लॅस्टिकपासून दूर ठेवावी. जोर हा उपाय या यादीत सर्वांत शेवटी येतो आणि शक्यतो येऊच नये.

२३/ काही खाचा मात्र मुद्दामच परक्या ठेवल्या जातात. ॲपल कंपनीने २००९ पासून पाच पाकळ्यांची वेगळी खाच वापरायला सुरुवात केली. तिचे हत्यार सामान्य दुकानात मिळत नसे. खोलू नये, हा संदेश त्यात उघड होता. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, ती याच प्रवृत्तीच्या पार्श्वभूमीवर. विकत घेतलेली वस्तू उघडता येणे हा मालकीचाच भाग आहे. छोट्या मोटारींचा छंद या बाबतीत मोलाचा आहे, कारण तो मुलांना वस्तू उघडायला शिकवतो. एक गोल झालेला स्क्रू अनेकदा हे शिक्षण तिथेच थांबवतो आणि गाडी माळ्यावर जाते.

२४/ मग साऱ्या जगाने एकच माप का वापरू नये? सोयीच्या दृष्टीने उत्तर सरळ वाटते. इतिहास थोडे सावध करतो. प्रमाण ठरते तेव्हा ते ठरवणाऱ्याच्या यंत्रांना सोयीचे ठरते, आणि बाकीच्यांना आपली हत्यारे बदलावी लागतात. व्हिटवर्थने निदान सर्वांचे बोल्ट गोळा करून सरासरी काढली. ३३ फुटांची साखळी मावळात आली तेव्हा मावळ्यांच्या मापांची सरासरी काढायला कोणी थांबले नव्हते. एकसमान मापे हवीत, हे खरे. परंतु जुनी मापे अस्तित्वात होती आणि अजून वस्तूंमध्ये जिवंत आहेत, हे शिकवणेही तितकेच हवे. शिकवणे थांबले की दोन खण एका पिशवीत मिसळतात.

२५/ हीच गोष्ट शब्दांना लागू आहे. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखालील १९२१ ते १९२४ चा मुळशी सत्याग्रह आज अनेकदा ‘पर्यावरण आंदोलन’ म्हणून सांगितला जातो. शब्द जवळपास बसतो : धरण आहे, नदी आहे, विरोध आहे. पण तो शब्द जोराने फिरवला की खाच झिजते. जमीन कसणाऱ्यांचा ती न सोडण्याचा निर्धार, मोबदल्यावर तडजोड करण्यास तयार झालेले सावकार-जमीनदार, असहकाराच्या काळातील राजकारण, हे सारे त्या नव्या शब्दाखाली गुळगुळीत होऊन जाते. त्या काळाच्या माणसांना त्यांच्या काळाच्या मापाचा शब्द द्यावा लागतो. तो शोधायला वेळ लागतो, आणि इतिहासलेखनाचे बरेचसे श्रम तेवढ्यासाठीच असतात.

२६/ घरात जुनी शिवणयंत्रे, पंखे, सायकली, आजोबांच्या हत्यारांची पेटी असेल, तर तरुण वाचकांनी ती एकदा उघडावी. कोणत्या पान्ह्यावर इंचांचे अपूर्णांक आहेत, कोणत्यावर मिलिमीटर आहेत, कोणत्या स्क्रूवर ठिपका आहे, हे टिपून ठेवावे आणि दोन्ही घराणी दोन डब्यांत वेगळी करावीत. जिथे हत्यार किंचित हलते आहे असे वाटेल, तिथे हात थांबवावा. स्क्रू अजून शाबूत आहे आणि योग्य चावी शोधायला अजून वेळ आहे.